सेकंदाचा हिशेब: चित्र आणि आवाज

कुर्डुवाडीहून येडशीमार्गे जाणारी बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोचली. तिच्या रुळांमधील अंतर 2 फूट 6 इंच, तर मुंबईच्या मुख्य मार्गाचे 5 फूट 6 इंच. त्यामुळे येडशीचा माल मुंबईला जायचा तर कुर्डुवाडीला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. मार्ग रुंद झाल्यावर ही अडचण संपली. चित्रपटाच्या इतिहासातही मापांची अशीच विसंगती आढळते. तेथे माप असते सेकंदाला किती चित्रे हे, आणि माप बदलताना चित्र व आवाज यांची ताटातूट होण्याचा धोका असतो.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे 3,700 फूट होती. 35 मिलिमीटर फितीच्या एका फुटात 16 चित्रे मावतात. सेकंदाला 16 चित्रे दाखवली तर हा मूकपट सुमारे 62 मिनिटे चालेल. 24 दाखवली तर 41 मिनिटांत संपेल. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत, त्यामुळे वेग पक्का नसे. पात्रे थोडी लगबगीने चालली तरी डोळा ते चालवून घेतो.

कान मात्र तसे करीत नाही. वेग बदलला की स्वर बदलतो आणि ते लगेच जाणवते. म्हणून बोलपटांसाठी सेकंदाला 24 चित्रे हा वेग रूढ झाला. 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. पुढे ध्वनिपट्टी चित्रांच्या शेजारीच छापण्याची पद्धत स्थिरावली आणि दोघांची गाठ पक्की बसली.

ही गाठ दूरचित्रवाणीने पुन्हा कसोटीला लावली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि आपल्या दूरचित्रवाणीचा वेग तिच्या निम्मा, म्हणजे सेकंदाला 25 चित्रे. मग 24 च्या वेगाचा चित्रपट दाखवायचा कसा? सोपा उपाय म्हणजे तो 25 च्या वेगाने चालवणे. असे केल्यास दोन तासांचा चित्रपट 115 मिनिटे 12 सेकंदांत संपतो. आवाजही त्याच प्रमाणात जलद होत असल्याने ओठ व शब्द जुळतात. पण स्वर 25/24 पट चढतो. हे गुणोत्तर संगीतात ओळखीचे आहे. शुद्ध गंधार षड्जाच्या 5/4 पट, कोमल गंधार 6/5 पट. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 25/24 मिळते. म्हणजे गायकाचा कोमल गंधार मूळ पट्टीच्या शुद्ध गंधारावर जाऊन बसतो!

याउलट, चित्र जलद केले आणि आवाज मूळ वेगाचाच ठेवला, तर स्वर शाबूत राहतो पण मेळ तुटतो. तासाभराचे चित्र 57 मिनिटे 36 सेकंदांत संपते आणि आवाज 2 मिनिटे 24 सेकंद शिल्लक राहतो. अमेरिकेत 1953 च्या रंगीत पद्धतीपासून हा वेग 30 ऐवजी सुमारे 29.97 झाला. हजारात एकाचा हा फरक नगण्य वाटतो. पण तोही आवाजाला लागू केला नाही, तर दोन तासांच्या शेवटी 7.2 सेकंदांची तफावत पडते.

यातून एक साधी परीक्षा हाती येते. चित्रीकरणाच्या आरंभी व शेवटी टाळी वाजवावी. दोन्ही ठिकाणी तफावत सारखीच असेल, तर आवाज तेवढा सरकवला की काम भागते. ती वाढत गेली असेल, तर वेगाचे गुणोत्तर चुकले आहे; सरकवून उपयोग नाही. वर्गात मोबाइलवर हा प्रयोग सहज करता येईल.

आज संगणक स्वर न बदलता आवाजाचा वेग बदलू शकतो. त्यासाठी मूळ वेग मात्र माहीत असावा लागतो. जुन्या फिती नव्या स्वरूपात उतरवताना तो नोंदवला नाही, तर उद्याचा विद्यार्थी चढलेला स्वरच त्या गायकाचा खरा स्वर मानील. जतन करायचे ते चित्र आणि आवाज, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा सेकंदही.