शीशमहाल आणि पाबळची कबर

'मुघल-ए-आझम' (१९६०) आमच्या घरी सगळ्यांचा लाडका. २०१६ मध्ये फिरोज अब्बास खान यांनी तो मुंबईत रंगमंचावर आणला. सिनेमात लताबाईंचा आवाज होता, इथे अनारकली स्वतःच गायची! गंमत म्हणजे अनारकली खरंच होती का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तिला घरोघरी पोचवलं ते इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकाने. म्हणजे नाटकातून सिनेमा आणि सिनेमातून पुन्हा नाटक.

मस्तानी मात्र खरीखुरी. आमच्या शिक्रापूरच्या चौकातून पाबळचा रस्ता धरला की तिच्या कबरीपाशी पोचतो. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले, पाठोपाठ तीही गेली. मुलगा समशेरबहादर पानिपतावर जखमी होऊन १७६१ मध्ये गेला.

लहानपणी मी तिच्याबद्दल विचारलं की आजी आवाज खाली करायची. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला आणि पाहुणेच म्हणू लागले, "पाबळला नेशील का?"

नेतो. तिथे आरसे नाहीत, गाणं नाही. अनारकलीसाठी आम्ही घरभर डोळे पुसले. शेजारच्या गावातल्या मस्तानीचं नाव मात्र दबक्या आवाजात घेतलं... हे अजून टोचतं.