शास्त्र उंबरठ्याच्या आत कसे आले

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी आरोग्यावर चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. पथ्यपाणी आणि घरगुती औषधे यांवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. म्हणून यंदा थोडा निराळा विषय घेते. आरोग्याविषयी मोठमोठी संशोधने होतात, ती इंग्रजीत छापली जातात. पण ज्या बाईच्या मांडीवर आजारी मूल असते, तिच्यापर्यंत ती पोचतात कशी, याचा हा छोटासा इतिहास आहे.

आपण गंगाखेडच्या जनाबाईंच्या मुलखातल्या. दळणकांडण करता करता मोठे तत्त्वज्ञान साध्या बोलीत कसे सांगावे, हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. वैद्यकशास्त्राला मात्र ही युक्ती उमगायला बराच काळ लागला.

आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना १९७० नंतरच्या त्या वर्षांतल्या भिंती आठवत असतील. देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा, अशा अर्थाची अक्षरे गेरूने रंगवलेली असत. पुढे बक्षिसाची रक्कम हजार रुपयांपर्यंत गेली. त्या एका ओळीमागे साथीच्या शास्त्राचा मोठा सिद्धांत होता. रोगी लवकर सापडला, की त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचून साथीची वाट अडवता येते. सिद्धांत कोणी वाचला नाही, पण ओळ सर्वांना कळली. १९७५ साली आपल्या देशातून देवी गेली आणि १९८० साली ती जगातून गेल्याचे जाहीर झाले.

परंतु मला खरे मोल वाटते ते गडचिरोलीच्या कामाचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्या जंगलमुलखात त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. आरंभी त्यांनी सिकलसेल या रक्तविकाराचा शोध घेतला. विकार सापडला, शोध खरा ठरला. पण लोकांना ती आपली निकड वाटली नाही. लोकांवर संशोधन करणे निराळे आणि लोकांसाठी करणे निराळे, हा धडा त्यातून मिळाल्याचे डॉ. अभय बंग यांनी पुढे सांगितले आहे. मला तर हे वाक्य प्रत्येक सरकारी कचेरीत टांगावेसे वाटते.

त्यानंतर राणीताईंनी स्त्रियांच्या दुखण्यांकडे लक्ष वळवले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शंभरांतील ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ होत्या. १९८९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. पदराआड सोसलेले दुखणे हे नशीब नसून रोग आहे, हे प्रथमच आकड्यांनी सांगितले गेले.

पुढचा प्रश्न होता बालकांच्या न्यूमोनियाचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक चालला, तर ते धोक्याचे लक्षण, हे शास्त्राला ठाऊक होते. पण खेड्यातील सुईणींपैकी अनेकींना दहाबारांपुढे मोजता येत नसे. मग शास्त्र त्यांच्या हाती द्यावे कसे? त्यांनी मण्यांची एक पाटी तयार केली आणि सोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. साठापर्यंत मोजणे आले नाही म्हणून बाईला दूर न सारता, मोजण्याचे साधनच तिच्या बेताचे केले! ज्या गावांत असे उपचार मिळाले, तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून कमी झाल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले.

‘इतर गावांच्या मानाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात नवे वाण तपासताना शेजारच्या पट्ट्यात जुने वाणही पेरतात. दोन्हींना पाऊस एकच. मग फरक दिसला तर तो वाणाचा. आरोग्याचे संशोधनही असेच असते. ‘अमक्याने अमुक घेतले आणि तो बरा झाला’ असे कोणी सांगितले, तर शेजारचा पट्टा कुठे आहे, असे आपण अवश्य विचारावे.

नवजात बाळांच्या बाबतीत हीच रीत ३९ गावांत वापरली गेली. ताडून पाहण्यासाठी आणखी ४७ गावे होती. चारदोन इयत्ता शिकलेल्या गावच्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास अडला तर तो सुरू करणे आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे त्या शिकल्या. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत असत. १९९७-९८ साली हा आकडा २५.५ वर आला. दुसऱ्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे जगापुढे आले आणि २०११ पासून देशभरातील आशाताईंच्या कामात अशा गृहभेटींचा समावेश झाला.

माझ्या नातीच्या जन्मानंतर आमच्या दारी आशाताई काटा आणि थर्मामीटर घेऊन आल्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी नाक मुरडले. ‘बाळाचं वजन करू नये, दृष्ट लागते,’ असे त्यांचे म्हणणे. आशाताई शांतपणे म्हणाल्या, ‘काकू, अडीच किलोच्या खाली असलं तर जास्त जपावं लागतं. ते न मोजता कसं कळणार?’ काकू पुढे सरकल्या आणि स्वतःच काट्यावरचा आकडा पाहू लागल्या.

महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा हिशेब २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या मराठी अहवालाचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. वर्षाला पावणेदोन लाख बालके दगावतात, असे त्यात सांगितले होते. आकडा वाचून विसरतो. ते नाव विसरत नाही.

भगिनींनो, आपले मंडळही या कामात खारीचा वाटा उचलू शकेल. दर महिन्याच्या सभेत एका आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलवावे आणि एकच गोष्ट समजून घ्यावी. सुरुवात नवजात बाळापासून करावी: जन्मानंतर तासाच्या आत अंगावर पाजावे, लगेच अंघोळ घालू नये, नाळेला काही लावू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, गळून गेले, अंग थंड पडले वा तापले, किंवा श्वास जोरात चालून छाती आत ओढली जाऊ लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. ऐकलेली गोष्ट प्रत्येकीने आपल्या बोलीत निदान दोन घरी सांगावी. लाल मणी हाती घेतलेल्या त्या सुईणी आपल्याहून कमी शिकलेल्या होत्या. त्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?