रात्रीच्या गरीसाठी उजेडाचा फ्लोट निवडताना

मांडवी, झुआरी किंवा शापोरा नदीच्या काठी, जेटीवर वा खाजनाच्या बांधावर दिवेलागणीनंतर गरी टाकून बसणारी माणसे गोव्यात नेहमी दिसतात. ऊन उतरलेले असते, वर्दळ ओसरलेली असते आणि चोणक, तांबोशी यांसारखे शिकारी मासे अंधारात काठालगत येतात. अडचण एकच असते. माशाने आमिषाला तोंड लावल्याची खूण देणारा तरंगता फ्लोट दिसत नाही. यासाठी उजेडाचे फ्लोट मिळतात. ते घेताना प्रथम हे ध्यानात ठेवावे की, हा दिवा माशासाठी नसून माणसाच्या डोळ्यासाठी असतो. म्हणून सर्वांत प्रखर तोच सर्वांत उत्तम, हा समज येथे लागू पडत नाही.

उजेडाचे तीन प्रकार

पहिला प्रकार रासायनिक प्रकाशकांडीचा. प्लास्टिकची कांडी वाकवली की आतील काचेची नळी फुटते, दोन द्रावणे एकत्र येतात आणि उष्णतेविना प्रकाश निर्माण होतो. ४.५ मिलिमीटर जाड व ३७ मिलिमीटर लांब हे तिचे प्रचलित माप. ती हलकी व स्वस्त असते, पाण्याने बिघडत नाही. मात्र एकदा पेटल्यावर विझवता येत नाही आणि काही तासांत मंद होत जाते. उष्ण हवेत ती अधिक उजळते, पण लवकर संपते.

दुसरा प्रकार एलईडीचा. यात सुईसारखा बारीक, ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. सीआर ४२५ हा त्यातील सर्वत्र आढळणारा सेल. ४ म्हणजे जाडी व २५ म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. प्रकाश स्थिर राहतो आणि सेल काढून तो पुन्हा वापरता येतो. सेल सहज मिळतो का, हे फ्लोट घेण्यापूर्वीच पाहावे.

तिसरा प्रकार विजेरीच्या झोतात धरल्यावर काही काळ चमकणाऱ्या रंगाचा. त्याचा उजेड लवकर ओसरतो. जवळच्या, शांत पाण्यात तो पुरतो.

मासा ओढताच हिरव्याचा लाल होणारे फ्लोटही मिळतात. तळ्यात ते उपयोगी पडतात. पण नदीच्या लाटांवर हेलकाव्यानेच रंग बदलून फसवणूक होते.

रंग कोणता?

अंधाराला सरावलेला डोळा हिरवट-निळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो; मंद लाल प्रकाश त्याला क्वचितच जाणवतो. त्यामुळे काळोख्या बांधावर हिरवा फ्लोट दुरूनही दिसतो. पणजीच्या काठावर मात्र दिव्यांची व जहाजांची रंगीत प्रतिबिंबे पाण्यात हलत असतात. तेथे परिसरात नसलेला रंग निवडणे श्रेयस्कर. डोळा अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या विजेरीचा एक झोत ती सवय मोडतो. आमिष लावताना लाल उजेडाचा दिवा वापरावा.

वजन व आकार

दिवा आणि सेल फ्लोटच्या शेंड्याशी असल्याने तो वरून जड होतो व आडवा पडतो. तो उभा राहण्यासाठी खाली शिशाचे पुरेसे वजन हवे. फ्लोट किती ग्रॅम पेलतो, हे बहुधा त्यावर छापलेले असते. शिसे, गरी व आमिष यांचे एकत्रित वजन इतके असावे की, फक्त उजळलेला शेंडा पाण्यावर राहील. फ्लोट जितका वर तरंगेल तितका माशाला ओढताना विरोध जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो.

स्थिर पाण्यासाठी सडपातळ, तर प्रवाहासाठी पोट फुगीर असलेला फ्लोट घ्यावा. नव्या फ्लोटची चाचणी घरी बादलीत करावी. सांध्यातून पाणी शिरते का, तेही कळते. खारे पाणी अधिक घन असल्याने नदीमुखाशी तोच फ्लोट किंचित वर तरंगतो. तेथे थोडे शिसे वाढवावे.

भरती-ओहोटीने आपल्याकडे पाण्याची पातळी दोन मीटरपर्यंत बदलते. म्हणून दोरीवर सरकणारा, गाठीने अडणारा फ्लोट सोयीचा ठरतो. गाठ हलवली की खोली बदलते.

कायदा व काळजी

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी व अन्य कृत्रिम प्रकाशाने मासे आकर्षित करून पकडण्यास बंदी केली. तिचा रोख ट्रॉलर व पर्ससीनसारख्या जाळ्यांच्या मासेमारीवर होता. फ्लोटचा कणभर दिवा मासे गोळा करीत नाही. तरीही मानशीजवळ मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेव्हा तेथे विचारल्याविना गरी टाकू नये. चोडणच्या पक्षी अभयारण्याची हद्दही टाळावी.

घरी परतल्यावर फ्लोट गोड्या पाण्याने धुऊन सेल काढून ठेवावा. मिठाने टोके गंजतात. लहान सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, गिळल्यास जिवाला धोका असतो. संपलेल्या कांड्या व सेल खारफुटीत न फेकता सोबत आणावेत. आणि फ्लोटवर नजर खिळली असता मागून भरती चढते, याचे भान ठेवावे. खडकावर बसण्याआधी परतीची वाट उजेडातच पाहून ठेवलेली बरी.