हवाई टपाल, डाकोटा आणि परवाने : भारतातील खाजगी विमानवाहतुकीचा अस्त (१९३२–१९५३)

१ ऑगस्ट १९५३ रोजी भारतातील आठ खाजगी विमानकंपन्यांचा कारभार इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या हाती गेला, आणि सुमारे एकवीस वर्षांपूर्वी सुरू झालेले एक पर्व संपले. या घटनेची मीमांसा बहुधा दोन प्रकारे केली जाते. एका मतानुसार समाजवादी धोरणाच्या ओघात सरकारने एक चालता उद्योग बळकावला. दुसऱ्या मतानुसार खाजगी भांडवलाच्या नाकर्तेपणामुळे सरकारला पुढे यावे लागले. दोन्ही मतांत राष्ट्रीयीकरण हाच प्रश्नाचा आरंभ मानला आहे. वस्तुतः या कंपन्यांचे भवितव्य १९५३ साली नव्हे, तर १९४६ व १९४७ या दोन वर्षांतच ठरून गेले होते. ते कसे, हे समजण्यास विमानवाहतुकीचा धंदा या देशात कशावर उभा राहिला, याकडे प्रथम पाहिले पाहिजे.

तो उभा राहिला टपालावर. इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा १९२९ साली सुरू झाली. परंतु कराचीला उतरलेले टपाल पुढे रेल्वेनेच जात असे. ही तूट भरून काढण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. टाटा सन्सने तीत सुमारे दोन लक्ष रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक-इंजिनी पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे जुहूस आणले व तेथून व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. अहमदाबादेस विमानात भरावयाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, ही हकिकत केवळ गमतीची नाही. जमिनीवरील सोयी आकाशातील गतीच्या किती मागे होत्या, याचे ते मोजमाप आहे. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. सरकारी अनुदान नव्हते. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला मिळे, एवढेच. तरीही पहिल्याच वर्षी सेवेस साठ हजार रुपये नफा झाला. त्या वर्षी प्रवासी गेले अवघे १५५, आणि टपाल गेले सुमारे दहा टन. उतारू हा या धंद्यात प्रथमपासून दुय्यम होता, हे या आकड्यांवरून उघड होते. १९३८ साली साम्राज्य हवाई टपाल योजना भारतापर्यंत आली. वेगळा आकार न घेता साम्राज्यांतर्गत पत्रे विमानाने जाऊ लागली व टपालाचे वजन वाढले. टाटांची विमाने आता मोठी झाली, मार्ग कोलंबोपर्यंत गेला. महायुद्धाने मात्र हे सारे लष्कराच्या सेवेस जुंपले. १९४२ साली व्हिन्सेंट हे विमानप्रवासातच शत्रूच्या हल्ल्यात मृत्यू पावले.

युद्धसमाप्तीनंतरची परिस्थिती सर्वस्वी निराळी होती. तिचे एक कारण धोरणाचे, एक यंत्राचे. यंत्र म्हणजे डाकोटा. डग्लस कंपनीच्या या डीसी–३ विमानाचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. युद्धकाळात त्याच्या लष्करी आवृत्त्या हजारोंनी तयार झाल्या. युद्ध संपताच त्यांतील पुष्कळ विमाने शिल्लक माल म्हणून अत्यल्प किमतीत विक्रीस निघाली. दोन इंजिनांचे, वीस-पंचवीस उतारू नेणारे, कच्च्या धावपट्टीवरही उतरणारे हे विमान भारतासारख्या देशास सर्वार्थाने योग्य होते. पण त्याच्या स्वस्ताईत एक फसवणूक दडलेली होती. डाकोटामुळे धंद्यात शिरण्याचा खर्च कमी झाला, धंदा चालविण्याचा नव्हे. पेट्रोल महागच राहिले. वैमानिकांचे वेतन, इंजिनांची ठरावीक तासांनंतरची दुरुस्ती, विमा, सुटे भाग या खर्चाला विमान स्वस्तात मिळाल्याने काहीच सूट नव्हती. असा खर्च भरून निघावयाचा तर प्रत्येक विमान वर्षभरात पुष्कळ तास आकाशात राहिले पाहिजे, आणि त्यासाठी मार्ग व उतारू मोजक्याच कंपन्यांत वाटले गेले पाहिजेत.

नेमके येथेच परवान्यांचे धोरण चुकले. १९४६ साली हवाई वाहतूक परवाना मंडळ स्थापन झाले. त्याचे काम सेवेची गरज व अर्जदाराची कुवत पाहून परवाना देणे हे होते. प्रत्यक्षात अल्पावधीतच दहाहून अधिक कंपन्यांना परवाने मिळाले. टाटा एअर लाइन्सचे त्याच वर्षी २९ जुलै रोजी एअर इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले होते. तिच्या व इंडियन नॅशनल एअरवेजसारख्या अनुभवी कंपन्यांच्या शेजारी भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज, अंबिका, ज्युपिटर अशी नवी नावे आली. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने मुख्य मार्गांवर नव्या कंपन्यांना पुढे चाळीस वर्षे दार बंद ठेवले. भारतात, जेथे उतारू त्या मानाने मूठभर होते, तेथे ते सताड उघडले. अंबिका व ज्युपिटर यांचे दिवाळे लवकरच निघाले.

इतरांचे लगेच निघाले नाही, याचे कारण फाळणी. १९४७च्या उत्तरार्धात निर्वासितांना हलविण्यास आणि ऑक्टोबरअखेर श्रीनगरास सैन्य पोहोचविण्यास खाजगी डाकोटा विमाने वापरली गेली. संकटकाळातील या मागणीने कंपन्यांच्या हिशेबांवर काही काळ पांघरूण घातले. ती ओसरताच मूळची रिकामी आसने पुन्हा दिसू लागली. शिवाय कराची, जेथून हा धंदा सुरू झाला ते शहर, आता परदेशात होते.

या अडचणीत सरकार पुन्हा टपालाकडेच वळले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने १९४९च्या आरंभी रात्रीच्या हवाई टपालाची योजना निघाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. रात्रीच्या योजनेची रचना साधी, पण कल्पक होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपुरास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरचा भौगोलिक योग एरवी रेल्वेला उपयोगी पडला होता. तो आता विमानाला पडला. सायंकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाऊ लागले. टाटांनी मात्र या योजनेस विरोध केला. रात्रीच्या उड्डाणास लागणारी साधने पुरेशी नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे काम प्रथम पत्करणाऱ्या कंपनीची सेवा काही महिन्यांतच बंद पडली. ऑक्टोबर १९४९ पासून हिमालयन एव्हिएशनने ते हाती घेतले व योजना टिकली. येथे दोन्ही बाजूंना न्याय द्यावयास हवा : योजना लोकोपयोगी ठरली हे खरे, आणि तिचा धोका काल्पनिक नव्हता हेही खरे. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपुराहून निघालेले रात्रीच्या टपालाचे डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून तेरा माणसे मृत्युमुखी पडली.

फेब्रुवारी १९५० मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता : देशातील वाहतूक फार तर चार कंपन्यांना पुरेल एवढीच आहे. उपाय म्हणून तिने कंपन्यांचे स्वेच्छेने एकत्रीकरण सुचविले. राष्ट्रीयीकरण पाच वर्षे पुढे ढकलावे, असे मत दिले. निदान अचूक होते, परंतु औषध रोग्याच्या इच्छेवर सोपविले गेले. प्रत्येक कंपनीला आपला परवाना ही मालमत्ता वाटत होती. ती सोडण्यास कोणीच आपखुशीने पुढे आले नाही.

या सुमारास परदेशी मार्गावर काय घडत होते, हे ताडून पाहिले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९४८ साली एअर-इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तीत सरकारचा भाग ४९ टक्के, व्यवस्थापन टाटांचे, आणि प्रारंभीच्या वर्षांतील तोटा भरून देण्याची सरकारची हमी. ८ जून १९४८ रोजी तिचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले. एकच भारतीय कंपनी, निश्चित मार्ग, वाटून घेतलेला धोका, अशी ही व्यवस्था टिकली. व्यवस्थापक तेच, विमानेही पंख्यांचीच. फरक होता तो परवान्यांच्या संख्येत आणि सरकारने घेतलेल्या वाट्यात. खाजगी भांडवल नाकर्ते होते, हा आक्षेप या उदाहरणापुढे टिकत नाही. सरकारने चालता उद्योग बळकावला, हेही म्हणता येत नाही. कारण देशांतर्गत उद्योग त्या वेळी पेट्रोलवरील कराच्या परताव्यावर आणि टपालाच्या उत्पन्नावर कसाबसा तगून होता.

१९५३च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने दोन महामंडळे निर्माण झाली : एक परदेशी मार्गांसाठी, दुसरे देशांतर्गत. भरपाईच्या पद्धतीविषयी कंपन्यांची तक्रार होती, जे. आर. डी. टाटा यांनी राष्ट्रीयीकरणास विरोध करूनही परदेशी महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले व १९७८ पर्यंत सांभाळले. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्यास नव्व्याण्णव विमाने आली, त्यांपैकी चौऱ्याहत्तर डाकोटा होती. १९५७ मध्ये व्हायकाउंट विमाने येईपर्यंत महामंडळाचा मुख्य भार त्यांनीच वाहिला. आणि नागपूरच्या धावपट्टीवर रात्री थैल्यांची अदलाबदल पूर्वीप्रमाणेच चालू राहिली.