शहरांतील प्रयोगशाळा आणि खानदेशची भूमि

शास्त्राचा इतिहास लिहितांना आपण बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास लिहितों; तें शास्त्र शिकण्यासाठीं माणसांस किती दूर जावें लागलें, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. खानदेशापुरता तो मांडून पाहिला, तर जीवशास्त्राच्या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. सातपुड्याचें अरण्य, तापीकांठची काळी जमीन, कापूस आणि केळी यांनीं हा प्रांत संपन्न. परंतु वनस्पतींचें आणि प्राण्यांचें शास्त्र शिकावयाचें, तर येथील तरुणास मुंबई किंवा पुणें गांठण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ही स्थिति ऐंशीहून अधिक वर्षें टिकली. ती कां टिकली आणि तींत आपणांस लाभ झाला कीं हानि, एवढेंच पाहण्याचें येथें योजिलें आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. आरंभीं त्यांत कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य यांची सोय होती. जीवशास्त्रास स्वतःचें घर नव्हतें. १८४५ सालीं निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पति शिकावयाच्या त्या औषधींसाठीं, आणि शरीर शिकावयाचें तें रोग्यासाठीं. पुढें १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. सेंट झेवियर कॉलेजांत स्विस धर्मगुरु एथेलबर्ट ब्लॅटर यांनीं वनस्पतिसंग्रह उभारला. आणि १९२० सालीं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची भव्य वास्तु खुली झाली. अशा रीतीनें जीवशास्त्राचीं साधनें एकेक करून त्या एका नगरींत जमत गेलीं.

खानदेशचा विद्यार्थी तेथें पोंचला तो आगगाडीनें. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. जळगांव मुंबईच्या हमरस्त्यावर होतें. धुळ्याच्या विद्यार्थ्यास चाळीसगांवीं गाडी बदलावी लागे. ज्याच्या घरचें शेत केवळ झाडापानांनींच भरलेलें, त्यानें शहरांत जाऊन काचेच्या बरणींत ठेवलेलें मूळ आणि कागदावर चिकटविलेलें पान पाहावें, यांत वरकरणीं विनोद आहे खरा.

पण खानदेशांत विद्येची हौस नव्हती, असें मात्र कोणीं म्हणूं नये. १९१६ सालीं अमळनेर येथें प्रतापशेटजींच्या औदार्यानें तत्त्वज्ञानमंदिर उभें राहिलें. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर लगोलग, १९२७ सालीं, धुळ्यास त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. तत्त्वज्ञान आणि इतिहास या दोन्ही विद्यांनीं खानदेशांत घर केलें. जीवशास्त्रानें केलें नाहीं. याचें कारण बुद्धींत नसून खर्चांत आहे. ग्रंथ एकदां घेतले आणि दप्तरें एकदां मिळविलीं म्हणजे तीं पिढ्यान् पिढ्या पुरतात. सूक्ष्मदर्शक यंत्रें, रसायनें, जतन केलेले नमुने यांस वर्षानुवर्षें पैसा लागतो, आणि तीं हाताळण्यास शिकविणारी माणसेंही लागतात. तो भार एका दात्याच्या उदारतेनें पेलण्यासारखा नव्हता.

मग शहरानें काय दिलें? माझ्या मतें त्यानें दिलेली मुख्य वस्तु म्हणजे तुलना. रानांतील एक झुडूप कितीही वेळां पाहिलें, तरी तें कोणत्या जातीचें हें ठरविण्यास त्याचे दहा आप्त शेजारीं मांडावे लागतात. आणि हे आप्त संग्रहालयांतच एकत्र भेटतात. शं. पु. आघारकर यांचें उदाहरण बोलकें आहे. मालवणांत जन्मलेले हे शास्त्रज्ञ मुंबईस शिकले. पण गोड्या पाण्यांतील जेलीमासा त्यांस सांपडला तो सह्याद्रीच्या नदींत. त्याचे सगोत्र तोंपर्यंत आफ्रिकेंत माहीत होते. १९१२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. नदी त्यांच्यापूर्वीं हजारोंनीं पाहिली असेल; पाहिलेलें ओळखण्याची दृष्टि अभ्यासानें आली.

परंतु या नाण्यास दुसरी बाजूही आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ पासून खंडशः निघाला. तो त्यांनीं सेवानिवृत्तीनंतर इंग्लंडांत क्यू येथें, वाळलेल्या नमुन्यांच्या आधारें लिहिला. इलाखा मोठा, त्यांत एकेका जिल्ह्याच्या वांट्यास थोडेंच यावयाचें. धुळें आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ डी. ए. पाटील यांनीं प्रसिद्ध केला तो २००३ सालीं, म्हणजे सुमारें शंभर वर्षांनीं. शहरांत गेलेली बुद्धि परत न आल्यास आपल्या अंगणाची ओळख किती लांबणीवर पडते, याचें हें माप आहे.

१९४५ च्या सुमारास अमळनेरास प्रताप महाविद्यालय आणि जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय निघालें, तेव्हां हें अंतर कमी होऊं लागलें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ झाल्यावर खानदेश त्याच्या कक्षेंत आला. आणि १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांव येथें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. त्यांत जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. २०१८ सालीं या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें.

या नामकरणांत योगायोगानें एक उत्तर सामावलें आहे. आसोद्याची ही शेतकरी स्त्री निरक्षर होती. पण बीज, अंकुर आणि पाखरूं यांकडे तिनें ज्या बारकाईनें पाहिलें, ती शास्त्राची पहिली पायरीच होय. दुसरी पायरी तुलनेची आणि प्रयोगाची. ती पूर्वीं शहरांतच मिळे, आतां घराजवळही मिळूं लागली आहे. आजही खानदेशांतील मुलें-मुली जीवशास्त्रासाठीं मुंबई-पुण्यास जातात, आणि त्यांनीं जावेंही. मात्र केळीच्या पानावरील करपा आणि सातपुड्यांतील अनोळखी झुडूप यांचे प्रश्न त्यांनीं शिदोरीसारखे बरोबर न्यावे. प्रश्न गांवचा आणि साधन शहराचें, असा मेळ पडला, तरच एवढ्या वर्षांच्या प्रवासाचें भाडें वसूल झालें असें म्हणतां येईल.