रुग्णशय्येजवळील सोनोग्राफी : यंत्र, विद्या आणि विवेक

बीड सोडून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले की बिंदुसरा तलावाच्या परिसरात आपले पाली गाव लागते. धुळे–सोलापूर महामार्गाने या भागाला वाहतूक दिली, बाजारपेठ जवळ आणली आणि त्याबरोबर अपघातही दिले. अपघातग्रस्त मनुष्य रुग्णालयात येतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या अंगावर मोठी जखम दिसत नाही. तो बोलत असतो, पाणी मागत असतो. आत मात्र प्लीहा किंवा यकृत फाटून पोटात रक्त साचत असते. अशा वेळी हे रक्तस्रावाचे निदान किती लवकर होते, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. १९६५ पासून काही दशके यासाठी पोटाला लहानसा छेद देऊन आत नळीने द्रव सोडावा आणि तो रक्ताने लाल होऊन परत येतो का ते पाहावे, अशी पद्धत होती. आज तेच उत्तर पोटावर जेल लावून, सोनोग्राफीचा प्रोब टेकवून काही मिनिटांत मिळू शकते. मात्र तो प्रोब हाती धरणाऱ्याने ती विद्या शिकलेली असली पाहिजे. या शिक्षणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि आपल्या बीड जिल्ह्यापुरता तो काहीसा वेदनादायकही आहे.

ऐकण्यापासून पाहण्यापर्यंत

रुग्णाच्या शरीरात काय चालले आहे हे बाहेरून जाणण्याची धडपड जुनी आहे. १७६१ साली व्हिएन्नातील औएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचले आहे का हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. १८१९ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देशोदेशींचे विद्यार्थी ती कला शिकण्यासाठी त्यांच्या रुग्णालयात येऊ लागले. लाकडाची पोकळ नळी कोणीही करून घेऊ शकत होता. पण तिच्यातून ऐकू येणाऱ्या आवाजाचा अर्थ रुग्णाच्या खाटेशेजारी गुरूसमवेत बसूनच शिकावा लागे.

सोनोग्राफीचे मूळ मात्र वैद्यकाबाहेर आहे. १८८० साली क्युरी बंधूंनी दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज निर्माण होते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी लांजव्हँ यांनी याच गुणधर्माचा उपयोग करून श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र घडविले. पुढे कारखान्यांत धातूमधील भेगा शोधण्याकरिता अशी यंत्रे आली. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यातील अशाच यंत्राखाली शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी ठेवून पाहिल्या. अभियंता टॉम ब्राउन आणि सहकारी डॉक्टर जॉन मॅकव्हिकार यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती, अशा एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी गाठ आहे, हे या यंत्रामुळे कळले. ती गाठ काढण्यात आली आणि ती स्त्री वाचली. सोनोग्राफीचा आरंभ एका स्त्रीचे प्राण वाचविण्यात आहे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तज्ज्ञाच्या दालनातून खाटेकडे

आरंभीची यंत्रे अवजड होती. ती स्वतंत्र दालनात असत व तेथे प्रशिक्षित तज्ज्ञ बसत. रुग्णाला तेथे न्यावे लागे. ज्याचा रक्तदाब घसरत चालला आहे, त्याला असे हलविणे म्हणजे प्राणाशी खेळच. म्हणून १९८० च्या दशकात जर्मनी व जपान येथील शल्यचिकित्सकांनी अपघातग्रस्तांवर स्वतःच सोनोग्राफी करण्यास आरंभ केला. १९९० च्या दशकात अमेरिकेत या तपासणीला 'फास्ट' असे नाव रूढ झाले. यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील जागा, प्लीहा व डावे मूत्रपिंड यांमधील जागा, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण, अशा चार ठिकाणी द्रव आहे की नाही, एवढाच प्रश्न तिने विचारावयाचा असतो. १९९९ साली सुमारे अडीच किलो वजनाचे, हातात उचलून नेता येईल असे यंत्र बाजारात आले आणि तपासणी खरोखरीच खाटेपाशी पोहोचली.

याच सुमारास पॅरिसच्या अतिदक्षता विभागात डॅनिएल लिख्टेनस्टाइन हे एका सार्वत्रिक समजुतीला आव्हान देत होते. हवेतून श्राव्यातीत लहरी नीट जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी व्यर्थ, असे मानले जात असे. त्यांनी दाखविले की पडद्यावर उमटणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा म्हणजे केवळ दोष नव्हेत, त्यांना अर्थ आहे. श्वासागणिक फुप्फुसाचे आवरण सरकते की नाही, उभ्या रेषा किती आहेत, यावरून फुप्फुसात पाणी आहे, न्यूमोनिया आहे की छातीत हवा कोंडली आहे, याचा अंदाज बांधता येतो. २००८ साली त्यांनी धाप लागलेल्या रुग्णासाठी याची क्रमवार पद्धत प्रसिद्ध केली. २०२० च्या कोविड साथीत अनेक देशांतील डॉक्टरांना ती उपयोगी पडली.

शिकवावयाचे काय?

यंत्र हाती आले म्हणजे विद्या आली, असे होत नाही. २००१ साली अमेरिकेतील तातडीच्या वैद्यकाच्या संघटनेने या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. पुढे प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी शिकाऊ डॉक्टरने साधारणतः २५ ते ५० तपासण्या कराव्यात, त्यांची नोंद ठेवावी आणि जाणकाराने त्या पडताळाव्यात, असा दंडक रूढ झाला.

या शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली हाताची. पोटासाठी खोलवर जाणाऱ्या कमी कंपनसंख्येचा वक्र प्रोब आणि वरवरच्या रक्तवाहिनीसाठी अधिक कंपनसंख्येचा सरळ प्रोब निवडणे, चित्राची खोली व उजळपणा जुळविणे, मनगटाच्या लहानशा हालचालीने योग्य दृश्य पकडणे, हे सवयीनेच येते. दुसरी पायरी डोळ्याची. निरोगी शरीराची पुष्कळ चित्रे पाहिल्यावाचून रोगट चित्र ओळखू येत नाही. तिसरी पायरी सर्वांत अवघड, ती म्हणजे अर्थ लावण्याची. पोटात द्रव दिसला नाही म्हणून रक्तस्राव नाहीच, असे म्हणता येत नाही. थोडे रक्त पडद्यावर दिसतच नाही. म्हणून काही वेळाने तपासणी पुन्हा करावी लागते. द्रव दिसला तरी ते रक्तच असेल असेही नाही. यकृताच्या जुन्या विकारानेही पोटात पाणी होते. म्हणून रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि हकिगत यांच्या जोडीनेच चित्र वाचावे लागते. 'मला येथे निश्चित सांगता येत नाही, तज्ज्ञांना दाखवू या' असे म्हणण्याचे धैर्य ज्याला आले, त्याचेच शिक्षण पुरे झाले म्हणावे.

आपल्याकडे तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून २००९ साली भारतीय आयुर्विज्ञान परिषदेची मान्यता मिळाली. त्या शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात खाटेजवळील सोनोग्राफीचा समावेश आहे.

आपल्या जिल्ह्याचा दुसरा इतिहास

येथवरची हकिगत प्राणरक्षणाची झाली. परंतु बीड जिल्ह्यात 'सोनोग्राफी' हा शब्द उच्चारताच मनात येते ते वेगळेच, आणि तेही सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक ठरणार नाही.

गर्भजलपरीक्षेद्वारे मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्याविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात चळवळ उभी राहिली. १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, पण तोवर सोनोग्राफी यंत्रे गावोगाव पोहोचू लागली होती. सेहत, मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कडक अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि २००३ साली सुधारित कायदा लागू झाला. तरीही आकडे घसरतच राहिले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ उरल्या. राज्यात हा आकडा सर्वांत कमी होता. २०१२ साली परळीतील एका रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला; २०१९ साली बीडच्या न्यायालयाने त्या प्रकरणी डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

हा दोष इतरांचा म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील जैन समाजात या वयोगटातील मुलींचे प्रमाण हजारी ८७० होते, तर देशाची सरासरी ९२७ होती. कीडामुंगीचीही हिंसा घडू नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने या आकड्यापुढे क्षणभर थांबावे.

या दुरुपयोगाचा परिणाम प्रशिक्षणावरही झाला. गर्भाचे लिंग दाखवू शकेल असे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत असले पाहिजे आणि ते चालविणारा डॉक्टर पात्र असला पाहिजे, असा नियम आहे. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा 'एफ' नमुना भरावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने हलविता येण्याजोग्या यंत्राचा वापर नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारातील दाखल रुग्णांपुरता, किंवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकापुरता मर्यादित केला. २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी ३०० तासांचे प्रशिक्षण, नोंदवही व परीक्षा ठरविली. त्यावर न्यायालयीन वादही झाला : दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या तरतुदीविरुद्ध निर्णय दिला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

अपघात विभागातील डॉक्टरांना ही बंधने जाचक वाटतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. गर्भ नलिकेत रुजून ती फुटलेली, पोटात रक्तस्राव होत असलेली ऊसतोड मजूर स्त्री रात्री रुग्णालयात आली, तर खाटेजवळची सोनोग्राफी तिचा जीव वाचवू शकते. पण ही बंधने आकाशातून पडली नाहीत. हजारो न जन्मलेल्या मुलींच्या मागून ती आली आहेत. यावर उपाय कायद्याला बगल देण्याचा नाही. नोंदणीकृत रुग्णालयात, पात्र शिक्षकाच्या हाताखाली, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवून अधिकाधिक डॉक्टर तयार करणे, हाच तो उपाय होय.

दान आणि उत्तरदायित्व

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. रुग्णालयाला यंत्र देणे हे औषधदान. समाजातील दानशूरांना ते ठाऊक आहे. परंतु चालविणारा प्रशिक्षित हात नसेल, तर दात्याच्या नावाची पाटी लावलेले यंत्र आच्छादनाखाली धूळ खात पडते. म्हणून यापुढे कोणी यंत्र देऊ इच्छील, तेव्हा एका डॉक्टरच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्यात धरावा. ते ज्ञानदान होईल. आणि आपल्या घरातील कोणीही, कोणत्याही डॉक्टरला, 'मुलगा की मुलगी' हा प्रश्न विचारणार नाही, असा निश्चय प्रत्येक कुटुंबाने करावा. ते अभयदान होईल.

इयान डोनाल्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीचे प्राण वाचविले, तेथून ही विद्या सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात ती पुन्हा त्याच मार्गाला लागावी, यासाठी डॉक्टरांनी आपला हात, डोळा आणि विवेक घडवावा, आणि समाजाने त्यांना तसे करण्यास बळ द्यावे, एवढीच या मंगलप्रसंगी प्रार्थना.