हरताळ, कात्री आणि आठवण

'दिलेल्या शब्दाला हरताळ फासला' असे आपण सहज म्हणतो. पण हा हरताळ कोणता, असे वर्गात विचारले की मुले बंद दुकानांचा हरताळ सांगतात. तो निराळा. पोथ्या हाताने लिहीत त्या काळी चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत. जुने अक्षर त्याखाली झाकले जाई आणि वर नवे लिहिता येई. एखादा शब्द सुटला तर ओळीत काकपदाची खूण करून तो समासात लिहीत. नकलणे, खोडणे, सुटलेले पुन्हा घालणे ही लेखनाची कामे इतकी जुनी आहेत.

नक्कल टिकली तर इतिहास टिकतो, याचा दाखला आमच्या ठाणे जिल्ह्यात दूर शोधावा लागत नाही. १७८७ साली ठाण्यास खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरी याचे ताम्रपट निघाले. ते शके ९३९ चे, म्हणजे इ. स. १०१७ चे. राजाचे दान तांब्यावर कोरले म्हणून पावणेआठशे वर्षे जमिनीत राहूनही ते वाचता आले. पुढे कल्याणास १८६४ साली सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे या दुसऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी. लिहिलेले हरवू नये, ही काळजी त्या पिढीला होती.

आता संगणकाकडे वळू. 'कट', 'कॉपी' आणि 'पेस्ट' हे शब्द संपादकाच्या टेबलावरचे आहेत. तेथे खरोखरच कात्री आणि खळ असे. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्राम केला आणि ही कामे पडद्यावर सोपी करून दाखविली. १९८३च्या 'लिसा' व १९८४च्या 'मॅकिंटॉश' या ॲपलच्या संगणकांनी ती घरोघर नेली. टेस्लर २०२० साली वारले. त्यांची कात्री मात्र आज शाळकरी पोरांच्याही हाती आहे.

या सोयीत एक उणेपण राहिले. उचललेला मजकूर ज्या अदृश्य पाटीवर राहतो, त्या क्लिपबोर्डावर एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरी उचलली की पहिलीवर हरताळ फिरतो, आणि तोही न विचारता. कादंबरीचा परिच्छेद एका प्रकरणातून काढून दुसऱ्यात घालायचा आहे, आणि मध्येच कोणाचा पत्ता उचलला, तर परिच्छेद गेलाच म्हणायचा!

लिनक्सवर याला आणखी एक पदर आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे लिहिला; पण त्यावर वर्षानुवर्षे खिडक्या दाखविणारी 'एक्स' ही व्यवस्था १९८४ साली एमआयटीत जन्मली होती. तिच्यात उचललेला मजकूर कोणत्याही मध्यवर्ती कोठारात जात नाही. ज्या प्रोग्राममधून तो उचलला त्याच्याचकडे राहतो, आणि चिकटविणारा मागेल तेव्हा तो देतो. म्हणून मूळ प्रोग्राम बंद केला की मजकूरही नाहीसा होऊ शकतो. शेजारणीने वाटीभर साखर देण्याचे कबूल करावे आणि आपण वाटी घेऊन जाईतो कुलूप लावून गावाला जावे, तसा हा प्रकार.

त्यावर उपाय म्हणजे पहारेकरी ठेवणे. १९७६ पासून चालत आलेल्या 'ईमॅक्स' संपादकात कापलेल्या तुकड्यांची मालिका पूर्वीच होती. मागचे तुकडे एकेक करून परत आणता येत. तीच कल्पना साऱ्या डेस्कटॉपासाठी आली. टर्मिनलात आज्ञा टंकून हे काम करणाऱ्यांसाठी 'एक्स'वर 'एक्सक्लिप' आणि 'एक्ससेल' ही छोटी साधने आहेत. २००८ साली सुरू झालेल्या 'वेलँड' व्यवस्थेसाठी 'डब्ल्यूएल-कॉपी' आणि 'डब्ल्यूएल-पेस्ट' ही जोडी आहे. ज्या डेस्कटॉपावर तशी मुभा असते तेथे 'डब्ल्यूएल-पेस्ट'ला पाळत ठेवायला सांगता येते. काहीही उचलले की ते 'क्लिपहिस्ट' या वहीवाल्याकडे पोचते आणि तो नोंद करतो. 'लिस्ट' म्हटले की यादी येते, 'डीकोड' म्हटले की निवडलेली नोंद पुरी उलगडते, आणि ती पुन्हा 'डब्ल्यूएल-कॉपी'च्या हवाली केली की चिकटवायला तयार. एकाच्या तोंडचे दुसऱ्याच्या कानी नळीने पोचवावे, तशी ही साधने एकमेकांना जोडतात. प्रत्येकाचे काम लहान, पण मेळ मोठा.

मात्र येथे एक इशारा द्यायला हवा. वहीवाला प्रामाणिक असला तरी समंजस नसतो. कवितेचे कडवे, बँकेचा पासवर्ड, कोणाचे खाजगी पत्र, हे सारे तो एकाच ओळीने उतरून घेतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बाप, मुलगा आणि सून एकच संगणक एकाच खात्याने वापरीत असतील, तर एकाचे गुपित दुसऱ्याला सहज दिसेल. पासवर्ड सांभाळणारे काही प्रोग्राम उचललेल्या मजकुरावर 'गोपनीय' अशी खूण करतात. परंतु ती खूण पाळणे पहारेकऱ्यावर अवलंबून असते. म्हणून 'डिलीट' आणि 'वाइप' या आज्ञाही शिकून घ्याव्यात. पहिलीने निवडलेल्या नोंदी जातात, दुसरीने सारी वही कोरी होते.

एका परीने आपण फिरून पोथीपाशीच आलो. पोथी लिहिणाऱ्याला काकपद आणि हरताळ दोन्ही जवळ ठेवावे लागत: सुटलेले परत आणायला एक, नको ते झाकायला दुसरे. नुसते काकपद ठेवले तर समास भरून जातो; नुसता हरताळ ठेवला तर ग्रंथच उरत नाही. दिवाळीच्या आधी माळा झाडताना आजोबांची पत्रे कोणती ठेवायची आणि रद्दीत काय द्यायचे, हे घरातल्या जाणत्या माणसालाच ठरवावे लागते. ते ठरविणारी आज्ञा अजून कोणत्या टर्मिनलात सापडलेली नाही.